माटोळीत वस्तू किती, हे मोजणे थांबवा

गोव्यात चतुर्थी जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीच्या, स्पर्धेची चर्चा सुरू होते आणि निकाल लागला की बातमीत सगळ्यात आधी येतो तो आकडा. अमुक गावात, अमुक घरी, इतक्या वस्तूंची माटोळी. एके काळी शंभर वस्तू म्हणजे मोठी गोष्ट वाटायची. आता दोनशे-तीनशे ऐकूनही कुणाला नवल वाटत नाही. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाने ही स्पर्धा जरूर चालू ठेवावी, तिच्यामुळे बरेच काही टिकले आहे. पण वस्तूंच्या संख्येला एकही गुण देऊ नये. संख्येच्या मागे लागल्यामुळे ज्या रानाची आठवण म्हणून माटोळी बांधायची, त्या रानालाच ती जड होऊ लागली आहे.

सिंधुदुर्गात जिला माटवी म्हणतात तीच ही. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट, आत आडव्या-उभ्या कांबींची जाळी, आणि त्या जाळीला बांधलेली फळे, भाज्या, पाने, फुले. चौकट बहुधा फणसाची किंवा किंदळाची असते, वर्षभर माळ्यावर पडून असते आणि श्रावण सरताना खाली उतरते. आधी तिची कीड पाहायची. सांध्यांत भुसा सापडला की ती बाजू बदलायची, नुसते तेल लावून चालत नाही. जाळीच्या कांबी बांबूच्या किंवा पोफळीच्या. दोन कांबींमध्ये हात शिरेल एवढे अंतर हवे, नाहीतर मधल्या वस्तू बांधता येत नाहीत.

वजनाचा विचार फार थोडे लोक करतात. सालीसकट दहा-बारा नारळांचा घोस बारा-पंधरा किलो भरतो. केळीचा घड तेवढाच. सुपारीचा घोस, कोहळा, भोपळा, निरफणस, काकड्या, चिबूड, पपनस धरले तर साध्या घरगुती माटोळीचेही वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, आणि ते चार कोपऱ्यांच्या दोरांवर असते. नारळ आणि केळी एकाच बाजूला बांधली तर दोन दोरांवर बहुतेक सगळा भार येतो आणि चौकट कलते. म्हणून जड वस्तू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, मध्यम वजनाच्या कडेने आणि हलक्या मध्ये बांधतात. मूर्तीच्या अगदी वर जड काही येऊ द्यायचे नाही. निरफणस झाडावरून काढला की देठातून चीक गळत राहतो. तो आदल्या दिवशी काढून देठ खाली करून रात्रभर ठेवला नाही तर मातीच्या मूर्तीच्या रंगावर डाग पडतात. गणपती दीड दिवसाचा असेल तर भरलेला घड चालतो, नऊ किंवा अकरा दिवसांचा असेल तर कोवळट घडच हवा, कारण धूप आणि कापराच्या धुराने बंद खोलीत केळी लवकर पिकतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून गळू लागतात. बांधायला केवणीच्या सालीचे दोर वापरायची जुनी पद्धत शहाणपणाची आहे. देठ सुकून बारीक होतो तेव्हा गुळगुळीत नायलॉन त्यावरून सरकतो. केवणीची खरबरीत साल धरून ठेवते.

हे सगळे तपशिलात सांगण्याचे कारण असे की माटोळी हे कसब आहे. घरातल्या एखाद्या काकांना किंवा आजोबांना ते येते, त्यांच्या हाताखाली दोन पोरे शिकतात. चांगली बांधलेली माटोळी तीस वस्तूंचीही असू शकते. धर्माच्या दृष्टीने तर याहून कमीही पुरते: नारळ, केळी, सुपारी, आंब्याचे टहाळे आणि त्या ऋतूत परसात जे आले असेल ते. दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, शेतातली पहिली कणसे देवापुढे येतात. माटोळीही त्याच विचाराची, या पावसाने आपल्या जमिनीत काय पिकवले ते देवाला दाखवायचे. पेडण्याच्या माटोळीत आणि काणकोणच्या माटोळीत म्हणूनच फरक असायचा. आता स्पर्धेतल्या माटोळ्या एकसारख्या दिसतात, कारण सगळ्यांच्या हातात तीच यादी असते आणि यादी पुरी करायला कुठूनही आणलेले चालते.

माटोळीतल्या वस्तू ढोबळपणे तीन ठिकाणांहून येतात. परसातून आणि मळ्यातून काकडी, दोडका, भोपळा, चिबूड. कुळागरातून, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतून, नारळ, सुपारी, केळी, पपनस, निरफणस, अंबाडे. आणि रानातून कवंडळ, कांगणी, घागऱ्यांच्या शेंगा, नागलकुड्याची जुळी फळे, शेरवडाची पांढरी पाने, कळलावीची फुले. पहिल्या दोन ठिकाणच्या वस्तू कितीही तोडल्या तरी पुढच्या वर्षी लावणारा मालक असतो. रानाला असा मालक नाही, म्हणून प्रश्न तिथला आहे. त्यातल्या तीन वनस्पतींकडे जरा जवळून पाहू.

कळलावी, जिला वाघनखीही म्हणतात, पहिल्या पावसात जमिनीतून वर येते, पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी कुंपणावर, झुडपांवर चढते आणि चतुर्थीच्या सुमारास पिवळ्या-लाल फुलांनी भरते. तिचे सगळे आयुष्य जमिनीखालच्या कंदावर अवलंबून असते. हा कंद दोन फाट्यांचा असतो, प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. दर पावसाळ्यात जुना कंद सुकतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. तो तयार होण्याचे दिवस म्हणजे फुलोऱ्यापासून वेल पिवळी पडेपर्यंतचे. आपण नेमक्या त्याच दिवसांत वेल ओढतो. ओढली आणि कंद वर आला तर गोष्ट तिथेच संपली. कोयत्याने मुळाशी कापली तरी नव्या कंदाला अन्न पोचवणारी पाने गेली. पुढच्या वर्षी रोडका कोंब येतो, फूल येत नाही. एखादे फूल चार बोटे देठासह खुडले तर वेलीला काही होत नाही. पण खुडलेले फूल दुसऱ्या दिवशी माटोळीत मान टाकते, म्हणून पूर्ण वेल आणायची सवय लागली आहे.

कवंडळाची गोष्ट वेगळी. ही बहुवर्षायू वेल, जमिनीत गड्डा धरते आणि पावसात झाडावर चढते. नर वेल निराळी, मादी वेल निराळी. झालरीच्या कडांची पांढरी फुले रात्री उमलतात, पतंग नराकडचे पराग मादीकडे नेतात, तेव्हा कुठे ती लालभडक फळे धरतात जी माटोळीत सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतात. फळ फक्त मादीला येते. काजूच्या बागेची किंवा कुंपणाची सफाई करताना फळ न धरणारी वेल निरुपयोगी समजून कापली जाते, आणि मग पलीकडच्या मादी वेलीलाही फळ का धरेना याचे कोडे पडते. उरलेल्या एक-दोन मादी वेलींवर सगळ्या गावाचा डोळा. फळे पुरती पिकायच्या आधीच काढली जातात, बी रुजतच नाही. फागलाची वेलही अशीच नर-मादी वेगळी असते. पण तिची भाजी सगळ्यांना हवी असते, म्हणून निदान ती लोक जपतात.

तिसरी कांगणी, म्हणजे मालकांगोणी. ही मोठी लाकूडवेल, उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते आणि फळांचे घोस वरच धरते. झाडावर चढून घोस काढणारा माणूस आता मिळत नाही. मग खालून मनगटाएवढ्या जाड वेलीवर कोयता चालतो आणि पूर्ण वेल ओढून खाली पाडली जाते. एका घोसासाठी कित्येक वर्षांची वेल जाते. पूर्वी घरातलाच माणूस रानात जात असे, पुढच्या वर्षी त्याच वेलीकडे परत यायचे आहे हे त्याला माहीत असे, म्हणून त्याचा हात आपोआप आवरला जाई. स्पर्धेच्या यादीसाठी किंवा बाजारासाठी तोडणाऱ्याला त्या वेलीकडे परत जायचे नसते.

स्पर्धेच्या बाजूने जे म्हटले जाते ते खोटे नाही. सरकारने स्पर्धा घेतली नसती तर कित्येक घरांत माटोळी प्लास्टिकच्या द्राक्षांवर आणि सफरचंदांवर आली असती, आलीही आहे. स्पर्धेमुळे तरुण मुले आजोबांना झाडांची नावे विचारू लागली, त्यांचे औषधी उपयोग लिहून ठेवू लागली. फोंड्याच्या कुळागरांच्या गावांत सुपाऱ्या, बिया आणि पाने गुंफून जे आकार केले जातात त्यांतली कलाकुसर थक्क करणारी आहे. या सगळ्याला बक्षीस मिळायलाच हवे. पण नावे पाठ होणे आणि ते झाड कसे जगते हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीनशे चिठ्ठ्या लावलेल्या माटोळीसमोर उभ्या राहिलेल्या मुलाला कळलावीचे शास्त्रीय नाव वाचता येते. तिचा कंद उपटायचा नसतो हे कुठल्याच चिठ्ठीवर नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाणींनी डोंगर खाल्ले, सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द करावे लागले, मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणासाठी लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस वणवे पेटत राहिले. आणि तुम्ही गरीब भाविकाच्या दोन फळांवर घसरता? प्रमाणाच्या दृष्टीने हे म्हणणे बरोबर आहे. एका खाणपट्ट्याखाली जितका झाडोरा गेला तितका शंभर वर्षांच्या माटोळ्यांनीही जाणार नाही. पण म्हणूनच उरलेल्या रानावरचा भार वाढला आहे. ज्या वेली पूर्वी दहा टेकड्यांवर मिळत त्या आता दोन टेकड्यांवर शोधाव्या लागतात, आणि मागणी मात्र स्पर्धेने वाढवून ठेवली आहे. शिवाय जंगल वाचवा म्हणून सरकारपुढे उभे राहणाऱ्या समाजाने आपल्या देवघरातला हिशेबही चोख ठेवावा. त्यात कुणाचीही श्रद्धा दुखावत नाही.

आता बाजाराकडे येऊ, कारण स्पर्धेत भाग घेणारी घरे थोडी, आणि माटोळीचा बाजार मात्र पणजी, म्हापसा, फोंडा, साखळी, डिचोली, मडगाव असा सगळीकडे भरतो. चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा, काणकोण आणि पलीकडून दोडामार्ग, बांदा भागातून बाया टोपल्या घेऊन येतात. विकणाऱ्यांत गावडा, वेळीप, कुणबी, धनगर समाजातल्या स्त्रिया पुष्कळ. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला माटोळीसाठी हाच एक मार्ग आहे, आणि या बायांना रोख पैसा मिळण्याचे वर्षातले ते थोडके दिवस. हा बाजार बंद करा असे कुणी म्हणत असेल तर ते अन्यायाचे होईल. अडचण अशी की माल फार आधी तोडावा लागतो, दोन दिवसांत कोमेजतो, आणि बाजार उठताना न विकलेल्या कवंडळांचे, पानांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडतात. घासाघीस करून दहा रुपये कमी करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या टोपलीमागे किती पायपीट आहे ते ठाऊक नसते.

कायद्याची बाजूही धूसर ठेवली गेली आहे. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये झाली, खोतीगाव त्याआधीच होते; सत्तरी, सांगे आणि काणकोणातले उत्तम रान त्यांत येते. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथून परवानगीशिवाय वनोपज काढता येत नाही. दुसरीकडे २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क रानात राहणाऱ्यांना देतो, आणि गावडा, कुणबी, वेळीप यांना गोव्यात २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. म्हणजे टोपली घेऊन येणाऱ्या ज्या बाईला हक्क आहे तिला तो कागदावर मिळालेला नसतो, आणि गाडी घेऊन रानात शिरणाऱ्या स्पर्धकाला कुणी अडवत नाही. चतुर्थीच्या तोंडावर वनरक्षक टोपली अडवणार की सोडणार हे त्याच्या मर्जीवर राहते. ही अनिश्चितता त्या बाईच्या वाट्याला येते.

यावर उपाय अवघड नाहीत. गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली स्थापन झालेल्या. त्यांच्या लोकजैवविविधता नोंदवहीत माटोळीच्या वनस्पतींचे वेगळे पान असावे: कोणती वेल कुठे, किती, नर-मादी किती, कोणती अजिबात तोडू नये. या पानावरून दर वर्षी तोडायचे प्रमाण गावानेच ठरवावे आणि गोळा करणाऱ्या स्त्रियांना समितीने नावानिशी पत्र द्यावे. त्यांना बाजारात सोपो, म्हणजे बसण्याचा कर, माफ असावा, बसायला छप्पर असावे. बाहेरून टेम्पो भरून आणलेल्या मालाला ही सवलत नको. कळलावीचा कंद किंवा मुळासकट उपटलेली कुठलीही वेल बाजारात दिसली तर ती विकू देऊ नये, आणि हे दंडाच्या धाकाने करण्यापेक्षा आधीच्या आठवड्यात टोपल्या आणणाऱ्या बायांशी बोलून करावे. रानाची खोड त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळते.

स्पर्धेचे गुण नव्याने मांडावेत. माझ्या मते शंभरातले चाळीस गुण स्पर्धकाच्या स्वतःच्या किंवा वाड्यावरच्या जमिनीत लावलेल्या वस्तूंना, आणि लागवड परीक्षकांना जागेवर दाखवता आली पाहिजे. वीस गुण तोडण्याच्या पद्धतीला: देठ खुडला की वेल कापली, हे कापलेल्या टोकाकडे पाहून जाणकार माणसाला लगेच कळते. वीस बांधणीला, म्हणजे तोल, गाठी, मूर्तीवरची मोकळी जागा. उरलेले वीस घरातल्या लहानग्याने किती वनस्पतींची वाढ, फुलोरा आणि बी यांबद्दल स्वतःच्या शब्दांत सांगितले त्याला. एकूण वस्तूंना पन्नासची मर्यादा असावी. अभयारण्यातून आणलेली वस्तू किंवा उपटलेला कंद आढळला तर प्रवेशिका बाद. शास्त्रीय नावांच्या चिठ्ठ्यांना वेगळे गुण नकोत, ती नावे आज फोनवर मिळतात.

एक सावधगिरीची गोष्ट नियमांत हवीच. कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे विष असते, आणि कवंडळही पोटात जाण्याजोगे नाही. माटोळी लहान मुलांच्या डोक्यावर टांगलेली असते, पिकलेली फळे खाली पडतात. विषारी वस्तू मधोमध आणि उंच बांधाव्यात, कडेला लोंबत्या ठेवू नयेत. उतरवताना त्या आधी वेगळ्या काढाव्यात, म्हणजे शेजाऱ्यांत वाटायच्या फळांत त्या जाणार नाहीत.

माटोळी उतरवल्यावर रानातल्या वस्तूंचे काय होते, याचा विचार तर जवळजवळ होतच नाही. फळे-भाज्या वाटल्या जातात, बाकीचे विसर्जनासोबत नदीत किंवा विहिरीत जाते. पिकलेली कवंडळे फोडून बी धुऊन सावलीत सुकवायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी पेरायचे. बी पेरून नर वेल येणार की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून एका जागी पाच-सहा वेली ठेवाव्यात. घागऱ्यांची शेंग हिरवी असताना काढली तर बी उगवत नाही. शेंग हलवल्यावर खुळखुळेल इतकी वाळलेली हवी, आणि बियांची साल टणक असल्याने पेरण्याआधी ते कढत पाण्यात टाकून रात्रभर तसेच ठेवावे. कळलावीचा कंद घरच्या कुंडीत उत्तम वाढतो, पाण्याचा निचरा मात्र चांगला हवा, नाहीतर कुजतो. देवस्थानांच्या मोकळ्या जमिनीत आणि शाळांच्या कुंपणांवर या तीन-चार वनस्पती लावल्या तर पाच वर्षांत गावाच्या माटोळीपुरती फुले-फळे गावातच मिळतील. देवराया सांभाळलेल्या सत्तरीला हे नवीन शिकवायला नको.

वेळापत्रक मात्र बदलावे लागेल. चतुर्थीच्या महिनाभर आधी स्पर्धेचे परिपत्रक काढून यातले काहीच साधणार नाही, कारण तेव्हा लागवडीचा हंगाम उलटून गेलेला असतो आणि स्पर्धकापुढे रानाशिवाय वाट उरत नाही. पुढच्या वर्षीचे नियम शिगम्यापर्यंत जाहीर झाले पाहिजेत, म्हणजे कंद आणि बी मे महिन्यात जमिनीत जाईल. परीक्षकांची पहिली फेरी जुलैत लागवड पाहायला आणि दुसरी चतुर्थीत, अशी दोन टप्प्यांची पाहणी ठेवावी. त्यासाठी लागणारा खर्च संचालनालय, वनखाते आणि जैवविविधता मंडळ यांनी वाटून घ्यावा. तिन्ही खात्यांचे काम यात आहे.